प्रतीसाठी ४० दिवस : ब्यावरचे धरणे आणि पंचायतीच्या कागदांवरचा हक्क

६ एप्रिल १९९६ रोजी राजस्थानातील ब्यावर या गावात, चांग गेटजवळ रस्त्याच्या कडेला, आसपासच्या खेड्यांतून आलेले मजूर आणि अल्पभूधारक शेतकरी धरणे धरून बसले. ग्रामपंचायतीने आपल्या गावात केलेल्या कामांची बिले, व्हाउचरे आणि मस्टर (मजुरांचे हजेरीपट) यांच्या प्रती, योग्य ते शुल्क भरून, मागणाऱ्या कोणालाही मिळाव्यात एवढीच त्यांची मागणी होती. धरणे ४० दिवस चालले. विशेष म्हणजे यातली निम्मी मागणी सरकारने त्याच सुमारास मान्य केली होती. शुल्क भरा, कागद बघा, हवे ते हाताने टिपून घ्या, असा आदेश निघाला होता. झेरॉक्स मात्र मिळणार नव्हती. म्हणजे ४० दिवसांचे भांडण उरलेल्या निम्म्या मागणीसाठी झाले. माहिती अधिकाराच्या इतिहासात ब्यावरचे नाव आदराने घेतले जाते, पण तिथला वाद ‘पाहणे’ आणि ‘मिळणे’ या दोन क्रियापदांमधला होता ही गोष्ट सहसा मागे पडते. या प्रकरणाचा अभ्यास त्या दोन क्रियापदांमधल्या अंतराचा आहे.

ब्यावर हे इंग्रजांनी अजमेर-मेरवाड्यात १८३६ च्या सुमारास वसवलेले व्यापारी गाव. कापूस, लोकर, तिळाची पट्टी, आणि पुढे कापडगिरण्या. १९९६ मध्ये ते अजमेर जिल्ह्यात होते, २०२३ मध्ये ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. अजमेर, पाली, राजसमंद आणि भिलवाडा या चार जिल्ह्यांतील खेड्यांना जवळ पडणारी ही बाजारपेठ असल्याने बियाणे, कापड, औषध किंवा कचेरीचे काम अशा कोणत्याही निमित्ताने माणसे इथे येत, आणि उपविभागीय अधिकाऱ्याचे कार्यालयही इथेच होते. या गावाचा किमान वेतनाशी त्याआधीही संबंध आलेला होता. इथल्या एडवर्ड मिल्सने अजमेर राज्याविरुद्ध लढवलेला किमान वेतन कायद्याविषयीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५४ मध्ये त्याचा निकाल लागला. चांग गेटला बसलेल्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल ते असो, पण त्यांचेही भांडण मुळात मजुरीवरूनच सुरू झाले होते.

मजुरीपासून कागदापर्यंत

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांवर ज्यांनी खडी फोडली किंवा पाझर तलावाची माती वाहिली, त्यांना मस्टर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. राजस्थानात दुष्काळी कामांची पद्धत थोडीफार तशीच होती. मजुरांची टोळी करायची, आठवडा-पंधरवड्याने कनिष्ठ अभियंत्याने येऊन खोदाईचे मोजमाप घ्यायचे, आणि भरलेल्या कामाचे पैसे मस्टरवरच्या नावांत वाटायचे. कमी पैसे मिळाले म्हणून तक्रार केली की ‘काम कमी भरले’ एवढेच उत्तर मिळे. टोळीत काम न केलेली नावे घुसवलेली असली तर त्याच खोदाईला जास्त वाटेकरी होतात आणि खरोखर घाम गाळणाऱ्याचा दर खाली येतो. त्यामुळे खोटे नाव ही सरकारच्या तिजोरीचीच नव्हे, शेजारी कुदळ चालवणाऱ्या बाईच्या मजुरीचीही चोरी असते.

अजमेर जिल्ह्यातील मदनगंज-हरमाडा रस्त्याच्या कामावरून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये स्पष्ट केले होते की दुष्काळी कामावरही किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही, तसे करणे राज्यघटनेच्या कलम २३ चे उल्लंघन ठरते. कायदा असा मजुरांच्या बाजूने उभा होता, तरी हातात पडणारी रक्कम वाढत नव्हती. १९८७ मध्ये देवडुंगरी या खेड्यात राहायला आलेले अरुणा रॉय, शंकर सिंह आणि निखिल डे यांनी आसपासच्या मजुरांबरोबर १ मे १९९० रोजी भीम येथे मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन केले. अरुणा रॉय १९६८ ते १९७५ या काळात भारतीय प्रशासकीय सेवेत होत्या, आणि कचेरीतला कागद कसा चालतो हे त्यांना आतून ठाऊक होते. भीमला किमान वेतनासाठी उपोषणे झाली, तेवढ्यापुरती आश्वासने मिळाली आणि मजुरी पुन्हा होती तिथेच आली. प्रत्येक वेळी वाद एकाच जागी येऊन थांबे. मजूर म्हणत, आम्ही काम केले. अधिकारी म्हणत, नोंदीत तसे नाही. आणि ती नोंद दाखवा म्हटले की ती गोपनीय ठरे. १९२३ च्या शासकीय गुपित कायद्याची सवय अंगात मुरलेल्या यंत्रणेला गावच्या बंधाऱ्याचे मस्टरही गुपित वाटत होते.

कोट किराना : कागद मांडवात आला

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई, म्हणजे गावासमोरची उघड सुनावणी, झाली. तिथले कागद कोणत्याही हक्काने हाती आलेले नव्हते, एका अधिकाऱ्याने सद्भावनेने ते उपलब्ध होऊ दिले होते. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते घेऊन घरोघर चौकशी केली आणि मग उघड्या मांडवात, माइकवरून, एकेक नोंद वाचून दाखवली. अमुक कामावर अमुक माणूस इतके दिवस हजर, इतकी रक्कम अदा. समोर बसलेल्यांपैकी कोणी उठून सांगे की मी त्या कामावर कधी गेलोच नाही. कोणी सांगे की गेलो होतो, पण मिळाले ते याहून कमी. कागदावर पूर्ण झालेली एक सरकारी इमारत गावात छप्पर, दारे आणि खिडक्यांवाचून उभी होती, आणि ती सगळ्यांनी पाहिलेली होती.

पुढच्या काही महिन्यांत भीम, विजयपुरा, जवाजा आणि थाना येथे अशाच सुनावण्या झाल्या. या पद्धतीचे वर्णन करताना बहुतेकांचे लक्ष उघड झालेल्या भ्रष्टाचाराकडे जाते, पण मला त्यातली ज्ञानाची मांडणी अधिक महत्त्वाची वाटते. कागद कचेरीत असतो आणि त्याचा खरेखोटेपणा गावाला माहीत असतो. तालुक्याच्या ठिकाणी बसलेला लेखापरीक्षक बेरीज बरोबर आहे का, सही आहे का, व्हाउचर जोडले आहे का हे पाहू शकतो. मस्टरवरचा माणूस त्या वर्षी अहमदाबादेत मजुरीला गेला होता हे त्याला कळण्याची कोणतीच वाट नाही. गावाला ते माहीत असते, पण त्याच्या नावावर कोणती रक्कम उचलली गेली हे गावाला माहीत नसते. दोन्ही अर्धी माहिती एका जागी आणल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही, आणि ती एका जागी आणायची तर कागदाला कपाटातून निघून गावात यावे लागते.

या सुनावण्यांना विरोधही लगेच झाला. ग्रामसेवकांच्या संघटनेने प्रती देण्यास नकार दिला, आणि आमची तपासणी वरिष्ठांनी व लेखापरीक्षकांनी करावी, गावाने नव्हे, अशी भूमिका घेतली. ती केवळ चोराची भूमिका मानणे अन्यायाचे होईल. गावपातळीवरचा हा कर्मचारी सगळ्यांत खालचा असतो, सही त्याची असते, आणि टक्केवारी वरपर्यंत गेलेली असली तरी मांडवात उत्तर द्यायला तोच समोर असतो. सरकारी दराने साहित्य मिळत नाही म्हणून एका बाबीचे पैसे दुसरीकडे दाखवण्याची पाळी प्रामाणिक माणसावरही येते. पण या सगळ्यावरचा उपाय कागद बंद ठेवणे हा नव्हता, कारण बंद कागदामुळे वरच्यांचा वाटा कधीच बाहेर आला नसता आणि खालच्याची अडचणही कुणाला कळली नसती.

घोषणा, आदेश आणि एक गाळलेली गोष्ट

५ एप्रिल १९९५ रोजी मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत जाहीर केले की गेल्या ५ वर्षांतील स्थानिक विकासकामांच्या कागदपत्रांच्या झेरॉक्स प्रती लोकांना मिळतील. दुसऱ्या दिवशी ही बातमी वर्तमानपत्रांत छापून आली आणि गावोगाव लोक ते कात्रण घेऊन कचेरीत जाऊ लागले. कचेरीत मात्र कात्रणाला किंमत नसते, तिथे आदेश लागतो, आणि आदेश वर्षभर आला नाही. आला तेव्हा त्यात पाहणीची मुभा होती आणि प्रतीची नव्हती. धरणे त्या एका गाळलेल्या गोष्टीसाठी होते.

प्रत का हवी, याचे पहिले उत्तर मराठी वाचकाला सातबाऱ्यावरून सहज कळेल. जमिनीचा तंटा असलेला शेतकरी ‘मी तलाठ्याकडे जाऊन सातबारा पाहून आलो’ असे म्हणून न्यायालयात उभा राहत नाही; तो नक्कल काढतो, तिच्यावर सही-शिक्का घेतो आणि ती जपून ठेवतो. टिपण हे टिपणाऱ्याचे म्हणणे असते, साक्षांकित प्रत हे कचेरीचे म्हणणे असते. एका ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मी स्वतः दुपारभर बसून मोजमाप पुस्तिकेतले आकडे वहीत उतरवले आहेत. घरी येऊन ते लावायला बसलो तेव्हा एका नोंदीतली विसंगती मूळ पुस्तिकेतली होती की माझ्या उतरवण्यातली, हे ठरवायला माझ्याजवळ काहीही नव्हते. समोरच्या माणसाने ‘तुम्ही चुकीचे लिहून घेतले’ एवढे म्हटले असते तरी सगळी दुपार वाया गेली असती.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. हाताने टिपून घेण्याचा हक्क हा वाचता-लिहिता येणाऱ्याचाच हक्क असतो. चांग गेटला बसलेल्यांमध्ये निरक्षर माणसे पुष्कळ होती, त्यांतही बायका. ज्या बाईला अक्षर येत नाही तिला कपाटातले मस्टर उघडून दाखवले तरी तिला त्यात काहीच दाखवलेले नसते. प्रत हाती असली तर ती गावात आणता येते, शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घेता येते, शेजाऱ्याला विचारता येते, पुन्हा वाचून घेता येते. पाहणीच्या हक्कात कचेरीची वेळ, कारकुनाची मर्जी आणि बुडालेला रोज हे तिन्ही मजुरावर पडतात. प्रतीच्या हक्कात कागद मजुराच्या वेळेप्रमाणे चालतो. म्हणून आदेशातली मुभा वरवर पाहता निम्मी मागणी असली, तरी ज्यांनी मागणी केली होती त्यांच्या दृष्टीने ती जवळजवळ शून्य होती, हे त्यांनी बरोबर ओळखले.

तिसरी बाब अशी की प्रत बाहेर गेली की मूळ कागद बदलणे अवघड होते. नंतर घातलेली सही, मागाहून भरलेला रकाना, हरवलेली फाइल यांवर बाहेर असलेला एक कागद पहारा ठेवतो.

४० दिवसांत काय झाले

हे दिवस लोकसभा निवडणुकीच्या प्रचाराचे होते, त्यामुळे उमेदवारांना या रस्त्यावरून जाताना मागणी ऐकावीच लागत होती. खेड्यांतून धान्य येत होते, गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि भाजीवाल्यांनी शिधा, भाजी, पैसे असे जमेल ते दिले. गाणी, कठपुतळ्या, सभा चालू होत्या, आणि १ मे रोजी कामगार संघटना मोठ्या संख्येने आल्या. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्या काळातली. पत्रकारांमध्ये कुलदीप नय्यर, निखिल चक्रवर्ती आणि प्रभाष जोशी यांनी पाठिंबा दिला, आणि ‘हम जानेंगे, हम जिएंगे’ हे शब्द हिंदी वाचकांपर्यंत पोचले. या चळवळीतल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या एका बाईंनी दिल्लीतल्या पत्रकारांना दिलेले उत्तर पुढे अनेकांनी उद्धृत केले. त्याचा आशय असा होता की मुलाला १० रुपये देऊन बाजारात पाठवले तर परत आल्यावर मी हिशेब मागते, मग माझ्या नावावर सरकार इतका पैसा खर्च करते त्याचा हिशेब मी का मागू नये. छोट्या गावाने खेड्यांच्या मागणीला आपले मानणे, हे या ४० दिवसांतले मला सर्वांत मोलाचे वाटते. ब्यावरच्या दुकानदाराला पंचायतीच्या मस्टरशी थेट कर्तव्य नव्हते, तरी रोज दारासमोर बसलेली माणसे पाहून हिशेबाचा तो प्रश्न त्यालाही नगरपालिकेपुरता विचारावासा वाटू लागला.

मे महिन्याच्या मध्यास सरकारने एक समिती नेमून प्रती देण्याची व्यवहार्य पद्धत २ महिन्यांत सुचवण्यास सांगितले, आणि १६ मे रोजी धरणे उठले. समितीचा अहवाल लोकांसमोर ठेवला गेला नाही. वर्षभराने, मे १९९७ मध्ये, जयपूरला दुसरे धरणे सुरू झाले आणि ते ५३ दिवस चालले. त्याच्या शेवटी, १४ जुलैला, उपमुख्यमंत्री हरिशंकर भाभडा यांनी जाहीर केले की पंचायतीच्या कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती देण्याची तरतूद पंचायत राज नियमांत ६ महिन्यांपूर्वीच केली असून तिची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झालेली आहे. ज्या हक्कासाठी माणसे ५३ दिवस उन्हात बसली तो हक्क त्या वेळी छापील स्वरूपात अस्तित्वात होता, आणि तो मागणाऱ्यांना, त्यांच्या बाजूच्या पत्रकारांना किंवा तो ज्यांनी अमलात आणायचा त्या गावच्या कर्मचाऱ्यांना ठाऊक नव्हता. प्रकाशन आणि माहिती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे शिकवायला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

प्रत मिळू लागल्यावर

जानेवारी १९९८ मध्ये राजसमंद जिल्ह्यातील कुकरखेडा येथे, नव्या नियमांनुसार मिळालेल्या कागदांच्या आधारे जनसुनवाई झाली, आणि गैरव्यवहार मान्य करून सरपंचांनी तिथल्या तिथे ५० हजार रुपये परत केले. सरपंच महिला होत्या, आणि आरक्षणातून आलेल्या महिला सरपंचाच्या सहीने प्रत्यक्षात कोण व्यवहार करतो हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात विचारता येण्याजोगा आहे, म्हणून त्या परतफेडीकडे केवळ एका व्यक्तीचा कबुलीजबाब म्हणून पाहू नये.

नियम असूनही कागद आपोआप मिळत नव्हता, हे जनावद पंचायतीच्या प्रकरणाने दाखवले. तिथले कागद मिळवायला वर्षाहून अधिक काळ लागला. ३ एप्रिल २००१ रोजी सुनावणी झाली तेव्हा ६ वर्षांत खर्च दाखवलेल्या सुमारे ६५ लाख रुपयांपैकी सुमारे ४५ लाखांचा अपहार असल्याचे समोर आले. कागदावर कामे झाली होती आणि गावात ती नव्हती. तोपर्यंत राजस्थानचा २००० चा माहिती अधिकार कायदाही आलेला होता.

देशपातळीवरच्या कायद्याच्या घडणीत महाराष्ट्राचा धागा दोन ठिकाणी मिळतो. न्यायमूर्ती पी. बी. सावंत भारतीय प्रेस परिषदेचे अध्यक्ष असताना परिषदेने १९९६ मध्ये माहिती अधिकाराच्या कायद्याचा मसुदा तयार केला, आणि पुढच्या मसुद्यांना त्याचा आधार मिळाला. दुसरीकडे, महाराष्ट्राच्या २००० च्या दुबळ्या कायद्याविरुद्ध अण्णा हजारे यांनी केलेल्या आंदोलनानंतर सप्टेंबर २००२ पासून लागू मानलेला, पुष्कळ सक्षम असा राज्य कायदा आला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अमलात आला.

त्या कायद्याचे कलम २(ञ) ब्यावरच्या संदर्भात वाचले की वेगळे दिसते. माहितीच्या अधिकारात काय येते ते तिथे सांगितले आहे : काम, दस्तऐवज आणि अभिलेख यांची पाहणी, टिपणे, उतारे किंवा प्रमाणित प्रती घेणे, आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे. पाहणी, टिपण आणि प्रत हे तिन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत, आणि १९९६ च्या आदेशात त्यांतले दोनच होते. आज दोन रुपये पानाप्रमाणे जी प्रत मिळते ती या तिसऱ्या शब्दामुळे. साहित्याचा नमुनाही त्यात आहे, म्हणजे कागदावरच्या सिमेंटच्या प्रमाणाची रस्त्यातल्या सिमेंटशी गाठ घालता येते. नगरपरिषदेच्या हद्दीतल्या किती अर्जांत ही तरतूद वापरली जाते, हा विचार आपल्याकडे फारसा होत नाही याची खंत वाटते. २००५ च्याच राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामांची आणि हिशेबांची गावानेच तपासणी, करण्याची तरतूद केली, ती कोट किरानाच्या मांडवाचीच कायदेशीर आवृत्ती होती.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलले. आधीच्या शब्दांत, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अनाठायी आक्रमण करणारी वैयक्तिक माहितीच नाकारता येत होती, आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही असे परंतुक जोडलेले होते. नव्या शब्दांत ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच उरले. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) मधली वाट शिल्लक आहे, पण ती वापरायची की नाही हे आधी कार्यालयाने ठरवायचे असते. मस्टरवर माणसाचे नाव असते, गाव असते, हजेरीचे दिवस असतात आणि मिळालेली रक्कम असते, आणि यातली प्रत्येक बाब कुणीतरी वैयक्तिक माहिती म्हणू शकतो. नावे काळ्या पट्टीखाली झाकलेल्या मस्टरची प्रत घेऊन उद्या एखाद्या मांडवात कोणी माइकसमोर उभे राहिले, तर वाचायला फक्त हजेरीचे दिवस आणि रुपये उरतील. ‘मी त्या कामावर कधी गेलोच नाही’ असे सांगायला समोर बसलेल्यांपैकी कोणी उठायचे, हे त्या कागदावरून कळणार नाही.